आजोबा ‘हो’ म्हणाले, म्हणजे ठरलं?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थोडं विसरायला झालं की त्याच्या निर्णयाचं काय करायचं? त्याच्याकडून सही घ्यायची, की त्याला विचारणंच सोडून द्यायचं? जमिनीचे भाव गगनाला भिडलेल्या मावळात हा प्रश्न घराघरांत आहे. आणि आजोबांचा फोन ज्याच्या हातात असतो त्या नातवाचा किंवा नातीचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे.

गुरुवारी शिरगावला जाऊन बघा. साईबाबांच्या दर्शनाला आलेल्या गाड्या, हारफुलांच्या टपऱ्या, वडापाव, पार्किंगची भांडणं. ‘प्रतिशिर्डी’ म्हणून हे गाव आता पार पुण्या-मुंबईपर्यंत पोचलंय. रांगेत उभं राहून आजूबाजूला नजर टाकली की बोर्ड दिसतात. एनए प्लॉट, बंगलो प्लॉट, रोडटच जागा. एक्स्प्रेस वे शेजारी, गहुंज्याचं स्टेडियम जवळ, पुण्याचा रिंगरोड उर्स्यापासून निघणार. ज्या वावरात इंद्रायणीची लावणी व्हायची, ते वावर आता गुंठ्यात मोजलं जातं.

पण हे वावर कुणाच्या नावावर आहे? सातबारा काढला की कितीतरी घरांत नाव निघतं आजोबांचं, नाहीतर आजीचं. म्हणजे व्यवहार लाखा-कोटींचा आणि तो ज्या सहीवर किंवा अंगठ्यावर अडलाय तो हात सत्तर-ऐंशी वर्षांचा.

आणि मग येता तुम्ही. एजंट फोन बाबांना करतो हे खरं. पण आधारचा ओटीपी कुणाला सांगावा लागतो? पीडीएफ कोण उघडतं? बँकेच्या केवायसीसाठी आजोबांना गाडीवर मागे बसवून कोण नेतं? घरातला सगळ्यात लहान माणूस. पंचवीसच्या आतला. त्याला या व्यवहारात कुणी काही विचारत नाही, पण त्याच्याशिवाय एक कागद हलत नाही.

समजा, असंच एक घर आहे. आजोबा 76 वर्षांचे. वर्षभरात ते एकच गोष्ट दोनदा-तीनदा सांगायला लागलेत. मोटर चालू केली आणि बंद करायची राहिली, असं दोनदा झालं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येतं आणि अडकतं. बाकी सगळं ठीक. स्वतःचं स्वतः आवरतात, एकटे तळेगावला जाऊन येतात, भाऊबंदकीचा इतिहास तर तोंडपाठ. डॉक्टरांनी तपासून एक लांबलचक नाव सांगितलं, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. थोडक्यात एमसीआय. आणि पुढच्या आठवड्यात साठेखत आहे.

अशा घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘त्यांना आता काय कळतंय, आपणच बघू.’ दुसरं, ‘त्यांना काय धाड भरलीय, हो म्हणालेत की ते!’ गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. आजोबा विकायला नको म्हणाले की त्यांना काही कळत नसतं, आणि हो म्हणाले की ते ठणठणीत असतात.

विसरणं वेगळं, ठरवणं वेगळं

आधी एमसीआय म्हणजे काय ते पाहू. वयानुसार होणारा साधा विसराळूपणा आणि डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, यांच्या मधला हा टप्पा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये त्याचे निकष मांडले. स्मरणशक्ती किंवा विचार करण्याची ताकद वयाच्या मानानं कमी झालेली असते, तपासणीत ते दिसतं, पण रोजचं जगणं फारसं अडलेलं नसतं. डिमेन्शियात ते अडतं.

एमसीआय झालं म्हणजे पुढे अल्झायमर ठरलेलाच, असंही नाही. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीनं 2018 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून आकडा दिला. 65 वर्षांवरच्या एमसीआय असलेल्या माणसांपैकी दोन वर्षांत साधारण 15 टक्क्यांना डिमेन्शिया झाला. काही जण तसेच राहतात, काही तर सुधारतातही. कारण मागे कधी बी-12 ची कमतरता असते, कधी थायरॉइड, कधी नैराश्य, कधी झोपेच्या गोळ्या, तर कधी निव्वळ ऐकू न येणं. माळकरी, शुद्ध शाकाहारी घरात बी-12 तपासून घ्यायला तर अजिबात विसरू नका. साठेखताआधी रक्त तपासा, असं सांगणारा एजंट भेटणं अवघड आहे. म्हणून इथं सांगितलं.

आता मुद्द्याचं. आजोबा काल काय जेवले ते विसरले, म्हणजे जमीन विकायची की नाही हे त्यांना ठरवता येणार नाही, असं होत नाही. निर्णय घ्यायला काय लागतं? पॉल अॅपेलबॉम आणि थॉमस ग्रिसो या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1988 मध्ये याचे चार भाग केले आणि डॉक्टर आजही तेच वापरतात. समोरची माहिती समजणं. ती माहिती ‘माझ्या बाबतीत’ काय घडवणार आहे हे उमजणं. पर्याय तोलून पाहणं. आणि शेवटी आपली निवड सांगणं.

अलाबामा विद्यापीठात डॅनियल मार्सन यांच्या गटानं एमसीआय असलेल्या माणसांच्या याच क्षमता मोजल्या. उपचारांबद्दलच्या निर्णयावरचा त्यांचा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात दिसलं ते असं, की निवड सांगण्यात ही माणसं निरोगी माणसांइतकीच ठाकठीक होती. विचारलं की उत्तर देत होती. घसरण दिसली ती आतल्या तीन गोष्टींत, समजण्यात, उमजण्यात आणि तोलण्यात. तीही सगळ्यांची सारखी नाही. कुणाची थोडी, कुणाची जास्त, कुणाची अजिबात नाही.

म्हणजे आजोबांचा ‘हो’ अगदी खणखणीत येऊ शकतो. मान हलते, हसू येतं, ‘तुम्ही म्हणाल तसं’ हेही येतं. चारचौघांत आपलं विसरणं उघडं पडू नये म्हणून माणूस मान हलवतोच. कुणीही हलवेल. त्या होच्या मागे काय आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ‘ते विसरतात’ एवढ्यावरून त्यांच्या ‘नाही’ला केराची टोपली दाखवायचाही अधिकार कुणाला मिळत नाही.

कायदा काय बघतो?

इंग्रजांच्या काळातला भारतीय करार कायदा, 1872. त्याचं बारावं कलम ‘सूज्ञ मन’ म्हणजे काय ते सांगतं, आणि ते वाचण्यासारखं आहे. करार करताना, त्या वेळी, माणसाला तो करार समजत असला पाहिजे आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विचार करता आला पाहिजे. त्यात वयाची वरची मर्यादा नाही, आजाराच्या नावांची यादी नाही. एरवी भान नसलेला माणूस मध्येच भानावर असेल तर त्या काळात करार करू शकतो, आणि एरवी शहाणा माणूस तापात बरळत असेल किंवा झिंगलेला असेल तर त्या वेळी करू शकत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, पण प्रश्न विचारतो तो त्या दिवसाचा आणि त्या कागदाचा.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांबद्दलचा आहे, जमिनीबद्दलचा नाही. पण त्यातली दोन वाक्यं घरात ठेवण्यासारखी आहेत. माणसाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून, कोर्टानं तसं ठरवल्याखेरीज, त्याचं मन सूज्ञ नाही असं धरायचं नाही. आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असंही म्हणायचं नाही. दुसरं वाक्य पुन्हा वाचा. आजोबांना रोडटच तुकडा विकायचाच नाहीये, कारण तिथं त्यांच्या वडिलांनी विहीर खणली. तुम्हाला वाटेल, वेडेपणा आहे. असेल. स्वतःच्या जमिनीबाबत असा वेडेपणा करायचा हक्क तिशीतल्या माणसाला असतो, तर 76 व्या वर्षी तो का जावा?

दुसऱ्या बाजूनं, ज्याला माणसाच्या आजाराचा, वयाचा, अवलंबून असण्याचा फायदा घेऊन सही मिळवता येते, त्याच्यासाठीही याच 1872 च्या कायद्यात सोय आहे. अवाजवी दबाव म्हणजे काय हे सांगताना सोळावं कलम वय, आजार आणि मनाची दुबळी अवस्था यांचं नाव घेतं. व्यवहार उघड उघड अन्यायाचा दिसला, तर आपण दबाव टाकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या वरचढ माणसावर येते. हा वरचढ माणूस एजंटच असतो असं नाही. सख्खा मुलगाही असू शकतो. आणि ओटीपी ज्यानं टाकला तोसुद्धा.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात काय होतं? फोटो, अंगठा, आधार, ओळख पटवणारे साक्षीदार. नोंदणी कायद्यानुसार समोरचा माणूस भानावर नाही असं दिसलं, तर अधिकाऱ्यानं नोंदणी नाकारायची असते. पण नंबर लागायला अर्धा दिवस आणि खिडकीसमोर पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत एमसीआय कुणाला दिसणार? तो फार तर घरात दिसतो, तुम्हाला.

विचारायचं कसं

हे शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. सकाळी विचारा. दुपारच्या झोपेनंतर किंवा रात्री पाहुणे बसलेले असताना नको. चष्मा आहे का, कानात मशीन आहे का, ते आधी बघा. सगळं एका दमात सांगू नका, एकेक गोष्ट सांगा. आणि ज्याला या व्यवहारातून पैसे किंवा फ्लॅट मिळणार आहे, तो माणूस खोलीत नको. बाबा असले तरी नको. (हे बोलायला अवघड जाईल, कल्पना आहे.)

मग ‘कळलं ना आजोबा?’ असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी म्हणा, ‘आजोबा, आता तुम्ही मला सांगा. या कागदावर सही केली की काय होणार?’ त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगू दे. ‘खालचं वावर जाणार, पैसे दोन टप्प्यांत येणार, घराची जागा राहणार’, असं आलं तर समजलंय. ‘दादा म्हणतो ते चांगलंच असणार’, असं आलं तर तो विश्वास आहे. सहीसाठी तेवढा पुरेसा नाही. पुढे विचारा, नाही विकली तर काय? पैसे कुठे ठेवायचे? आत्यांचं काय? वडिलोपार्जित जमीन असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही हक्क आहे, आणि ‘आत्यांचं काय’ या प्रश्नावर आजोबा काय बोलतात, त्यावरून ते किती पुढचं बघतायत हे चांगलं कळतं.

दोन दिवसांनी पुन्हा हेच बोला. आपण परवा बोललो होतो हे ते साफ विसरले असतील, तर घाबरू नका. पुन्हा माहिती दिल्यावर त्यांचं उत्तर आणि त्यामागचं कारण तेच येतंय का, ते बघा. इंग्लंडच्या 2005 च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टमध्ये हे स्पष्टच लिहिलंय की माहिती थोडाच वेळ लक्षात राहते म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही असं ठरवू नका. आधी त्याला शक्य ती सगळी मदत करा आणि मग ठरवा, असंही तो कायदा सांगतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारासाठी असा वेगळा कायदा नाही. पण चांगली पद्धत वापरायला कायद्याची वाट कशाला बघायची?

डॉक्टरांचा दाखला लावतात, तोही नीट घ्या. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ ही एक ओळ आणि खाली शिक्का, याला पुढे वाद झाला तर फारसं वजन राहत नाही. कोणत्या कागदाबद्दल विचारलं, काय विचारलं, आजोबा काय म्हणाले, तारीख आणि वेळ, असं लिहून घ्या. शिरगावकरांना यासाठी पुण्यालाच जायला हवं असंही नाही, तळेगाव दाभाड्यात मायमर मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

चाचणीच्या मार्कांनी मात्र हुरळू किंवा हादरू नका. मोका नावाची चाचणी 30 मार्कांची, 26 च्या खाली आलं की शंका घेतात. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात. एकच! चौथी शिकलेल्या आजीला आणि अकरावी झालेल्या आजोबांना तोच एक मार्क. एमएमएसई नावाची जुनी चाचणी तर वाक्य लिहून दाखवा म्हणते आणि आपण कितव्या मजल्यावर आहोत तेही विचारते. उभा जन्म कौलारू घरात गेलेल्या बाईनं काय सांगायचं? म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर, खेड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी तिची वेगळी हिंदी आवृत्ती करावी लागली. मार्क हे डॉक्टरांना पुढच्या तपासणीसाठी उपयोगी आहेत. विहिरीचा तुकडा विकायचा की नाही याचं उत्तर त्यात नसतं.

आणि एक छोटी गोष्ट. दवाखान्यात डॉक्टर आजोबांऐवजी तुमच्याशी बोलायला लागले, तर आपली खुर्ची जरा मागे घ्या.

पैशाचं आधी घसरतं

मार्सन यांच्याच गटाचा 2003 चा आणखी एक अभ्यास आहे, पैशांच्या व्यवहारांबद्दलचा. एमसीआयमध्ये सुट्टे पैसे मोजणं, साधी खरेदी हे बऱ्यापैकी टिकून असतं. बँकेचं स्टेटमेंट वाचणं, बिलं भरणं अशा गुंतागुंतीच्या गोष्टी आधी अवघड होतात. म्हणजे आजीला भाजीवाल्याशी घासाघीस जमते म्हणून तिला ‘डिजिटल अरेस्ट’चा फोनही ओळखता येईल, असं धरून चालू नका.

यावर घराघरांत होणारा उपाय म्हणजे एटीएम कार्ड काढून घेणं आणि पिन नातवाकडे. सुटसुटीत आहे, पण मग आजीला पोतीभर तांदूळ लेकीकडे पाठवायचा तरी तुमच्या तोंडाकडे बघावं लागतं. त्यापेक्षा रोजच्या खर्चाचं एक छोटं खातं तिच्या हाती राहू दे, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, मेसेज दोघांच्या फोनवर. तिनं मंदिरात जास्त दक्षिणा टाकली तर टाकू दे. लाखाच्या व्यवहाराला मात्र वरची सगळी चर्चा लागू.

थोडाच काळ उघडी असलेली खिडकी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिला असेल तर आठवेल. अल्झायमर झालेले संस्कृतचे पंडित, मोहन आगाशेंनी केलेले, हत्तीमागे चालत जातात आणि मुली, जावई सगळे हवालदिल होतात. तिथं प्रश्न होता त्यांना सांभाळायचं कसं. त्यांना काय हवंय हे विचारायची वेळ तोवर मागे पडलेली असते. एमसीआयमध्ये ती वेळ अजून हातात असते.

कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणजे पुढची काळजी मिटली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. करार कायद्याच्या 201 व्या कलमानुसार, देणाऱ्या माणसाचं मन सूज्ञ राहिलं नाही की मुखत्यारकीही संपते. म्हणजे छत्री उघडी, पण पाऊस आला की मिटणारी. इंग्लंडमध्ये पुढेही चालू राहणारी मुखत्यारकी देता येते, आपल्याकडे ती नाही. डिमेन्शिया बळावल्यावर आई-वडिलांच्या मालमत्तेचं पालकत्व मागत लोकांना थेट मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यात वेळ जातो आणि वकिलाची फीही द्यावी लागते.

म्हणून जे आजोबांच्या मनात आहे ते आत्ता. मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. कुणाला बक्षीसपत्र द्यायचंच असेल तर ‘मला सांभाळायचं’ ही अट त्या कागदावरच लिहून घ्यायची. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली, सांभाळलं नाही तर ते रद्द करायला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथं ही अट कामाला येते. घरातच दबाव, दमदाटी होत असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, 14567. मनावर ताण येत असेल, त्यांच्या किंवा तुमच्या, तर टेलिमानसचा नंबर 14416.

आणि शेवटच्या आजारपणात काय करायचं, व्हेंटिलेटर हवा की नको, तेही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. गोव्यात 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यायची असते, शहरात महापालिकेकडे आणि खेड्यात पंचायतीकडे. शिरगावात म्हणजे ग्रामपंचायतीत. आजोबांना गाडीवर मागे बसवा आणि जाऊन विचारा. ग्रामसेवक बहुधा चक्रावतील, कारण हे विचारायला आलेले तुम्हीच पहिले असाल. सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रिंट ठेवा.